गाळलेलं वाक्य

कुएनताई माझ्या वरच्या मजल्यावर राहते. तिच्याबद्दल खरं तर तिच्या सुनेने लिहायला हवं, नाहीतर तिच्यामुळे धडपणे घरी परतलेल्या म्हाताऱ्यांनी. पण सून लांब आहे, म्हातारे बहुतेक वर गेले, आणि राहता राहिले मी. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. गोड जिभेची माणसं कुणाबद्दल खरं लिहीत नाहीत.

व्हँकुव्हरच्या पूर्व भागात, चिनी वस्तीतल्या कीफर स्ट्रीटपासून दोन गल्ल्या सोडून, आमचा दवाखाना होता. मी पुढच्या खिडकीत बसून नावं लिहून घ्यायचे आणि रांग मोडणाऱ्यांना झापायचे. कुएनताई आत दुभाषी होती. एका बाजूला गोरा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला आमच्यापैकी कुणीतरी, आणि मधे तिची खुर्ची. ही खुर्ची ती नेहमी वीतभर मागे ओढून घ्यायची. दोघांनी एकमेकांकडे बघून बोलावं, माझ्या तोंडाकडे नाही, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षं ती त्या खुर्चीत बसली. त्या बावीस वर्षांत तिने नुसते शब्द इकडचे तिकडे केले असते, तर आमच्यातली कितीतरी माणसं हकनाक गेली असती.

पटत नसेल तर सितो आजोबांचं ऐका. त्यांच्या पोटात गाठ होती आणि ती काढायची होती. डॉक्टर मॅकआर्डल तेव्हा नवीन होते, उत्साही. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून सगळं नीट समजावलं. आजोबा दर वाक्याला मान डोलवत होते, हो डॉक्टर, हो डॉक्टर. डॉक्टर खूश होऊन सहीचा कागद पुढे सरकवायला लागले, तेव्हा कुएनताई म्हणाली, "डॉक्टर, त्यांनी कबूल केलेलं नाही."

"म्हणजे? तुम्हीच तर सांगताय ना, हो म्हणतात म्हणून."

"हो म्हणतात ते तुमचा मान ठेवायला. शिकलेला माणूस बोलतोय, आपण ऐकतोय, एवढंच. तुमच्या तोंडावर ते नाही म्हणायचे नाहीत. सही करतील, आणि ऑपरेशनच्या दिवशी येणार नाहीत."

"मग मला खरं कळायचं कसं?"

"दहा मिनिटं बाहेर जाऊन कॉफी पिऊन या."

डॉक्टर बाहेर आले ते थेट माझ्या खिडकीपाशी. "मला माझ्याच खोलीतून हाकललं," म्हणाले. मी म्हटलं, "रांगेत उभे राहा." आत आजोबांनी कुएनताईला सांगितलं, की गावाकडे होइपिंगला थोरला भाऊ आहे, त्याला विचारल्याशिवाय आईबापाने दिलेल्या शरीराला सुरी कशी लावू द्यायची. कुएनताईने त्या गावातल्या दुकानाचा फोन शोधून काढला, भाऊ दुकानापर्यंत चालत आला, पाच मिनिटं आरडाओरडा करून परवानगी दिली. आजोबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. दर नवीन वर्षाला दवाखान्यात संत्री घेऊन यायचे आणि मॅकआर्डल साहेबांच्या टेबलावर ठेवून न बोलता निघून जायचे.

एकदा मुख्य ऑफिसातून एक बाई आल्या. दुभाष्याने फक्त बोललेलं सांगावं, पदरचं काही घालू नये, असं त्यांनी कुएनताईला अर्धा तास बजावलं. कुएनताई मान डोलवत हो हो म्हणत राहिली. मला हसू आवरेना. बाई समाधानाने गेल्या.

घरी मात्र ती फारशी बोलायची नाही. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून जबडा दुखतो, म्हणायची. नवरा पाक-होंग एका हॉटेलात स्वयंपाकी, तो तिच्याहून गप्प. एकुलता मुलगा डेस्मंड इथेच जन्मला, नकाशे काढायच्या ऑफिसात कामाला लागला. आमची भाषा त्याला जेवणापुरती येते. त्याने लग्न केलं केरिनशी. केरिन सॅस्कटूनची, गव्हाच्या मुलखातली, सहा फुटाला दोन बोटं कमी, शाळेत शिकवणारी. मनात येईल ते ओठावर. सासूला ती सरळ "कुएन" म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. कुएनताई म्हणाली, "त्यांच्यात नावाने हाक मारली म्हणजे जवळचं मानलं. तू चहा पूस."

पाक-होंगचं आणि केरिनचं तर भाषेशिवायच जमलं. दर रविवारी ती त्याच्या शेजारी उभी राहून वाँटन, म्हणजे सारणाच्या पुरचुंड्या, वळायची. तिचे वाँटन उकळत्या पाण्यात फुटायचे, आणि फुटलेले सगळे तो मुकाट्याने स्वतःच्या वाटीत घ्यायचा. केरिनची आई ती एकोणीस वर्षांची असताना गेली होती. दिवस राहिले तेव्हा तिने कुएनताईला विचारलं, "बाळंतपणाच्या वेळी तुम्ही आत खोलीत माझ्याजवळ थांबाल? आणि नंतर महिनाभर?" आमच्यात पहिला महिना बाळंतिणीला थंड पाण्यात बोटसुद्धा बुडवू देत नाहीत, सगळं सासूने करायचं. कुएनताई हो म्हणाली. हे हो अगदी खरं होतं. तिने एप्रिलची रजा ऑक्टोबरातच मंजूर करून घेतली आणि तान्ह्या मुलासाठी विणायला बसली. इतक्या वर्षांत मी तिला एवढं बडबडताना कधी पाहिलं नव्हतं.

इथे माझंही थोडं सांगायला हवं. माझा नवरा धंद्यासाठी म्हणून हाँगकाँगला परत गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. मला मूलबाळ नाही. दवाखाना सुटला की मी आणि कुएनताई एकाच बसने यायचो, आणि शनिवारी ती माझ्याकडे जेवायची. माझ्या आयुष्यात माणूस म्हणावं असं तेवढंच होतं.

फेब्रुवारीत पाक-होंग गेला. हॉटेलच्या मागच्या दाराशी कांद्याचं पोतं उचलत होता, तिथेच खाली बसला तो उठला नाही. केरिनला सातवा सरत आला होता. कुएनताईने डेस्मंडला फोन करून सांगितलं, "केरिनने मयताला यायचं नाही."

"का गं आई?"

"नाही म्हटलं ना. तिला घरी बसू दे."

पोटुशी बाईने मयताच्या जवळ फिरकायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण डेस्मंडला कुठलं माहीत असायला? तो घरी गेला आणि केरिनला म्हणाला, आई म्हणते तू यायचं नाहीस. पाक-होंगला माती दिली तेव्हा केरिन काळे कपडे घालून, बूटसुद्धा चढवून, एकटी घरात बसून होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिच्या लोकांत मयताला ज्याला येऊ देत नाहीत तो घरचा नसतो.

त्यानंतर शंभर दिवस. आमच्यात घरातलं माणूस गेलं की शंभर दिवस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि बाळंतघरात तर नाहीच नाही. काम चालतं, दवाखाना काही कुणाचं घर नव्हे. पण कुएनताई माझ्याही उंबऱ्याच्या आत येईना. मीच वर जायचे. मला कसली भीती? नवरा माझाही गेलेलाच होता, फक्त मेलेला नव्हता.

दोन एप्रिलला दुपारी फोन वाजला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते. मुलगी झाली होती. डेस्मंडचं बोलून झालं आणि फोन केरिनने घेतला. तिचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. "कुएन, तुम्ही कधी येताय?"

"आत्ता नाही जमणार," कुएनताई म्हणाली. "काम आहे."

फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी वाटाण्याचं भांडं आपटलं.

"काम? महिन्याची रजा काय झोपा काढायला घेतलीस?"

"मग काय सांगू? माझ्या अंगावर मरणाचं सुतक आहे, तुझ्या लेकराला बाधेल, असं ओल्या बाळंतिणीला सांगू? ज्या घरात पाळणा आलाय तिथे तो शब्द फोनमधूनसुद्धा जाता कामा नये."

"आणि डेस्मंड? बाप त्याचा गेला. तो त्याच घरात राहतोय. त्याला नाही वाटतं सुतक?"

"ते त्याचं घर आहे. घरचं घरात असतं. मी बाहेरून नेणारी."

"निदान त्याला तरी कारण सांग."

"त्याच्या पोटात काही राहतं का? पाच मिनिटांत तिला जाऊन सांगेल."

"ताई, तिला काय वाटेल याचा विचार केलास?"

"वाटू दे. मला वाईट म्हणू दे. लेकराला काही होता कामा नये, बस."

मग तिने मला जे सांगितलं ते त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. डेस्मंडच्या आधी तिला एक मूल झालं होतं, हाँगकाँगला असताना, काउलूनमध्ये. बघायला आलेली मावशी सुतकातली होती, आणि ते कुणाला बोलली नाही. मूल महिना पुरा व्हायच्या आत गेलं. "तापाने गेलं," कुएनताई म्हणाली. "डॉक्टर तेच सांगेल, आणि मलाही ते कळतं. इतकी वर्षं दवाखान्यात बसलेय. पण तू मला सांग, तू गेली असतीस?"

मी परत वाटाणे सोलायला लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर तिने दोन वाक्यांत दोघींना समजावून मोकळं केलं असतं. स्वतःच्या घरात मधे बसायला तिला खुर्चीच नव्हती.

बाळंतिणीसाठी आमच्याकडे डुकराचे पाय, काळं गोड व्हिनेगर, आलं आणि उकडलेली अंडी असं एक शिजवतात. ताकद येते, दूध येतं. ते केरिनला पाठवायचं होतं, पण सुतकी चुलीवर शिजवलेलं कसं पाठवणार? म्हणून ते मी माझ्या घरी करायचं ठरलं. कुएनताई जिन्यासमोरच्या बोळात स्टूल टाकून बसली, माझ्या दाराबाहेर, आणि तिथून मला हुकूम सोडत राहिली.

"आलं किती घेतलंस?"

"दोन किलो."

"दाखव."

मी टोपली दारापर्यंत नेऊन दाखवायचे. "हे काय सोललंय? अर्धं आलं सालीबरोबर टाकलंस. नवरा का पळाला ते कळतंय आता."

"मग ये आत आणि तूच सोल."

ती यायची नाही. शेजारचे जाता-येता विचारायचे, भांडलात की काय. तीन तास ती त्या बोळात बसली होती आणि वासावरून सांगत होती, आता आच कमी कर, आता अंडी सोड. अंडी सोलून मी एक तिला बाहेर नेऊन दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

हंडी घेऊन मी एकटी गेले. केरिनने दार उघडलं, कुशीत तान्ही टेस. इवलीशी, आणि कपाळ थेट पाक-होंगचं. केरिन माझ्या मागे बघत होती, जिन्यावर अजून कुणी आहे का म्हणून.

"कुएन नाही आल्या?"

"कामात आहे ती."

"फोंग, त्या माझ्यावर रागावल्यात का? खरं सांगा. आधी मला मयताला येऊ दिलं नाही. आता बाळ बघायलाही येत नाहीत. मी काय केलंय?"

निघताना कुएनताईने मला शपथ घातली होती, मरणाचं अक्षर त्या घरात काढायचं नाही. मी म्हटलं, "रागावली नाही. मे महिन्यात येईल."

"मे? बाळ एप्रिलमध्ये झालंय."

मी हंडी ओट्यावर ठेवली आणि गरम करून खा म्हणून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी जीभ आवरली आणि ती नेमकी तिथे आवरली.

मेच्या पहिल्या आठवड्यात डेस्मंडने सांगितलं की ते सॅस्कटूनला जाताहेत. केरिनच्या वडिलांचं घर मोठं आहे, बाळाला बघायला माणूस आहे, त्यालाही तिथे काम मिळतंय. सामानाची गाडी ठरली होती सव्वीस तारखेला. कुएनताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिचा शंभरावा दिवस वीस तारखेला होता.

"आता तरी जा," मी म्हटलं. "ताई, पोरं चाललीयत. दोन आठवड्यांनी कुणाला समजावणार आहेस, बांधलेल्या खोक्यांना?"

"चौऱ्याऐंशी दिवस काढले. सोळा राहिलेत."

"आणि त्या सोळा दिवसांत ते पक्कं झालं तर?"

"पक्कं झालंच आहे," ती म्हणाली. पण ती रोज कॅलेंडरपाशी जायची, आणि तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. तिला आशा होती. समोर बसून नीट सांगितलं की केरिनला सगळं कळेल, आणि कळलं की ते जाणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

एकवीस तारखेला सकाळी आम्ही दोघी गेलो. तिने केस कापून घेतले होते, मूल झालं की आमच्यात वाटतात ती लाल रंगवलेली अंडी घेतली होती, बाळासाठी सोन्याचं कडं घेतलं होतं. घरभर खोकी. केरिनने आम्हाला खोक्यांवरच बसवलं. बोलणं अगदी सभ्य, पाहुण्यांशी बोलतात तसं. मग कुएनताईने सगळं सांगितलं. मयताचं, पोटुशी बाईचं, शंभर दिवसांचं, काउलूनच्या मुलाचंही. स्वच्छ इंग्रजीत, एकेक वाक्य वेगळं करून, दवाखान्यात सांगायची तसं. फक्त या वेळी ती मागे सरकून बसली नव्हती.

केरिन उभ्याउभ्या रडायला लागली. "मी दिवसभर बूट घालून बसले होते," ती म्हणाली. "मला वाटलं ऐनवेळी तुम्ही बोलवाल." मग तिने टेसला उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं. काही विचारलं नाही, ते फार बरं केलं. कुएनताईने पोरीचं कपाळ पाहिलं आणि तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. डेस्मंड खिडकीशी जाऊन नाक शिंकरत होता.

शेवटी केरिन म्हणाली, "आता जाणं तर थांबवता येत नाही. डेस्मंडचं काम पंधरवड्यात सुरू होतंय, हे घरही दुसऱ्यांना दिलंय. पण कुएन, तुम्ही आमच्याबरोबर चला. खालच्या मजल्यावर खोली आहे, तिला वेगळं दार आहे. कायमच्या चला."

"नको, नको," कुएनताई म्हणाली. "मी तिकडे येऊन काय करू? तुम्हालाच माझी अडचण. नको."

आता हे तुम्हाला काय समजावून सांगायचं? आमच्यातही पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा हावरट ठरतो. आग्रह व्हावा लागतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, हात धरून. मग म्हणायचं, बरं, तुमचं मन मोडवत नाही. आणि कुएनताईला तर मी तीस वर्षं ओळखते. तिला खरंच नको असतं तेव्हा ती एकदाच नको म्हणते आणि विषय बदलते. त्या दिवशी ती तीनदा म्हणाली, आणि पोरीवरचे हात जरासुद्धा सैल केले नाहीत.

पण केरिनच्या लोकांत नको म्हणजे नको. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दाला किंमत न देणं, म्हाताऱ्या बाईवर जबरदस्ती करणं. आणि तिला तर आता सासूचा मान राखायचा होता, नव्याने. तिने डोळे पुसले. "समजलं मला," ती म्हणाली. "तुमचं काम इथे आहे. तुमची माणसं इथे आहेत." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

मला एवढंच म्हणायचं होतं: केरिन, परत विचार. दोन शब्द. दवाखान्यात कुएनताईने असली नको शेकड्यांनी ओळखली होती आणि डॉक्टरांना सांगितलं होतं, थांबा, पुन्हा विचारा. त्या खोलीत आता दुभाषी मी होते. दोन्हीकडचं मला कळत होतं. आणि माझ्या मनात आलं, ही गेली तर शनिवारी मी कुणाबरोबर जेवू?

मी म्हटलं, "अंडी सोलू का कुणाला?"

सव्वीस तारखेला गाडी गेली. कुएनताई आणखी चार वर्षं दवाखान्यात होती, मग निवृत्त झाली. दर रविवारी सॅस्कटूनहून फोन येतो. टेस आधी बोबडं बोलायची, आता इंग्रजीत भराभरा बोलते, शाळेचं, बर्फाचं, कुत्र्याचं. आजी ऐकते. फोन ठेवला की ती दिवसभर विणत बसते. सहा वर्षांत ती दोनदा तिकडे जाऊन आली, दहा-दहा दिवस. केरिनने तिला फार जपलं. राहा म्हणून मात्र पुन्हा विचारलं नाही. एकदा नको म्हटलेल्या माणसाला कशाला संकोचात टाकायचं, असा विचार ती करत असणार. ती मुलगी चांगली आहे, म्हणूनच नाही विचारलं.

कुएनताई आपणहून बोलेल ही आशा मी कधीच केली नाही. आपल्या तोंडाने मागून घेतलेल्या खोलीत तिला झोप लागली नसती.

गेल्या शनिवारी ती माझ्याकडे जेवत होती. हल्ली तिचा गुडघा धरतो, एक मजला उतरायला दहा मिनिटं लागतात. मी मासा वाफवला होता. गालाजवळचं मांस मी तिच्या वाटीत घातलं, तिने ते परत माझ्या वाटीत टाकलं, मी पुन्हा तिच्या. हे आमचं नेहमीचंच. मग ती खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी तू काही बोलली नाहीस."

कुठल्या दिवशी, असं मी विचारलं नाही.

"बावीस वर्षं दोन माणसांच्या मधे बसले," ती म्हणाली. "कुणी वाक्य गाळलं तर मला कळतं."

"मग त्याच वेळी माझ्याकडे बघायचं होतंस. मी बोलले असते."

"म्हणून तर बघितलं नाही."

तिने माशाचा काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला आणि भात घेतला. मी रागावले असते, रडले असते, तर तिने मला गप्प केलं असतं, म्हणून मी दोन्ही केलं नाही. जेवण झाल्यावर मी तिला हात धरून वर पोचवलं. केरिनचा नंबर माझ्या खिडकीजवळ लिहून चिकटवलेला आहे. दोन शब्द सांगायचेत. मी अजून फोन केलेला नाही.